म्हातारपणी टॅटू कसा दिसेल ही काळजी वाटते? मग ती डिझाइन ठरवताना कामाला लावा

मी कोल्हापुरात टॅटू काढते, २०११ पासून, आणि आठवड्यातून दोनतीनदा तरी खुर्चीत बसायच्या आधी कुणीतरी हे विचारतंच, की ताई आत्ता भारी दिसेल ओ, पण साठीत हात सुरकुतल्यावर ह्याचं काय होणार? कधी पोरगी गप्प असते आणि बरोबर आलेली आई विचारते. प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि ह्याला "काही नाही होत हो" असं उत्तर देणाऱ्या आर्टिस्टकडे जाऊ नका हे आधीच सांगून ठेवते, कारण होतं. टॅटू बदलतो. पण काय बदलतं, कशामुळं बदलतं आणि त्यातलं किती आपल्या हातात आहे हे एकदा कळलं की घाबरून सोडून द्यायची वेळ येत नाही.

मी तेव्हा तोंडानं सांगत बसत नाही, फोनमधला एक फोटो दाखवते. माझ्या आजीचा, डावा हात आणि चेहरा दोन्ही दिसतात असा. आजी गडहिंग्लजकडची, अकरा वर्षांची असताना दारात आलेल्या गोंदणारणीनं तिला गोंदलं, काजळी, कसल्याशा पाल्याचा रस आणि सुयांची जुडी, बास. फोटो काढला तेव्हा आजी ८४ ची होती, म्हणजे गोंदण ७३ वर्षांचं. कोपराच्या खाली तुळशीवृंदावन, मनगटाच्या वर पाच ठिपके, हनुवटीवर एक. आता नीट बघा. हनुवटीवरचा ठिपका अजून ठिपकाच आहे, जरा मोठा झालाय एवढंच. मनगटावरच्या पाचातले दोन एकमेकांत मिसळलेत. वृंदावनाचा बाहेरचा आकार लांबूनही ओळखू येतो, वरची तुळस दिसते, पण आत जी बारीक जाळी होती ती सगळी मिळून एक हिरवट डाग झालीय. आणि शेतात उन्हाला लागायची ती बाजू जास्त फिकी, आतली बाजू गडद. हातच्या कांकणाला आरसा कशाला, टॅटू म्हातारा कसा होतो ते सगळं ह्या एका फोटोत आहे. मोठा साधा आकार टिकतो, मोकळी जागा टिकते, चिकटून काढलेलं मिसळतं, उन्हातलं उडतं.

आजीला मी एकदा विचारलेलं, तुला आता हे बघून कसं वाटतं. तर म्हणाली, "आगं मेल्यावर सोनं काढून घेत्यात, ह्ये कोन काढून घेनार?" आपल्याकडं जुन्या बायका हे सर्रास म्हणायच्या, गोंदण तेवढं बरोबर येतं म्हणून. तिच्या हाताला सुरकुत्या पडल्या म्हणून गोंदण वाईट दिसतंय असं घरात कधी कुणाच्या मनातच आलं नाही, हात म्हातारा होता, गोंदण हातासारखंच म्हातारं होतं.

कातडीत नक्की होतं काय

हे थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सुई शाई सोडते ती वरच्या थरात नाही तर त्याच्या खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलीमीटर आत. वरचा थर सारखा झडत असतो आणि नवा येत असतो, शाई तिथं राहिली असती तर काही आठवड्यांत टॅटू गेला असता. खालच्या थरात सफाई करणाऱ्या पेशी असतात, मॅक्रोफेज म्हणतात त्यांना, त्या शाईचे कण बाहेरून आलेला कचरा समजून गिळतात पण पचवू शकत नाहीत, तसंच पोटात घेऊन बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की ह्या पेशी मरतात तेव्हा शाई बाहेर सांडते आणि नव्या आलेल्या पेशी तीच शाई परत गिळतात. म्हणजे तुमचा टॅटू आत कायम एका पेशीकडून दुसरीकडं सोपवला जात असतो. असं वर्षानुवर्षं चालतं, बारीक कण लिम्फमधून, म्हणजे अंगात फिरणाऱ्या पाण्यासारख्या रसातून, वाहून जातात, शाई जरा जरा सरकते, आणि एक मिलीमीटरची रेघ पंधरा वीस वर्षांत जाड आणि कडेला मऊ होते.

गोंदण हिरवं का दिसतं हेपण लोक विचारतात, शाई तर काळी होती मग? काळा रंग कातडीतून बघताना निळसर हिरवट दिसतो. मनगटावरची शीर बघा, रक्त लाल असून शीर हिरवी दिसते, तसलाच प्रकार.

आता ह्यात लोक तीन गोष्टींची गल्लत करतात. फिकं होणं वेगळं, पसरणं वेगळं आणि कातडी सैल पडणं वेगळं. फिकं होण्यात ऊन सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे आणि ते बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे. पसरणं थांबवता येत नाही, पण आधीच जागा सोडून ठेवता येते. कातडी सैल पडणं वय, वजन आणि घराण्यावर आहे, त्याच्यावर उपाय म्हणजे जागा बघून निवडणं. "म्हातारपणी कसा दिसेल" ह्या एका प्रश्नाचे असे तीन तुकडे केले ना, की प्रत्येकाला उत्तर आहे.

जागा ठरवायच्या आधी आईचा हात बघा

हे मी प्रत्येकाला करायला लावते आणि मला वाटतं ह्याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. घरी जा, आई, मावशी, आत्या, वडील, जे कोणी पन्नाशी साठीचे असतील त्यांच्या अंगावर तीच जागा बघा जिथं तुम्हाला टॅटू हवाय. दंडाची खालची बाजू लोंबतेय का. पोट सुटलंय का, सुटलंय तर नेमकं कुठून. हाताच्या वरची कातडी चिमटीत धरून सोडा, पटकन बसते का जरा वेळ तशीच उभी राहते. तुमचं शरीर अगदी तसंच होईल असं नाही, पण घराण्याचा अंदाज येतो. एका पोरीला दंडाच्या आतल्या बाजूला मोर पाहिजे होता, घरी जाऊन आईचा आणि दोन्ही मावश्यांचा दंड बघून आली आणि स्वतःच म्हणाली ताई वर खांद्याकडं घेऊया.

मला चांगल्या वाटणाऱ्या जागा म्हणजे दंडाची बाहेरची बाजू, खांद्याच्या मागं पाठीवर, पोटरीची बाहेरची बाजू, आणि कोपराखाली हाताची आतली बाजू. इथं कातडी बऱ्यापैकी ताठ राहते, वजन दहापंधरा किलो इकडंतिकडं झालं तरी आकार ओळखू येतो. पाठ तर बेस्ट, तिथं ऊनच लागत नाही.

पोट आणि कंबरेच्या बाजू, मूल व्हायचं असेल तर थांबा. टॅटू खराब होईलच असं नाही, पण पोट ताणून परत बसतं तेव्हा डिझाइन जसंच्या तसं बसेल ह्याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि स्ट्रेच मार्क टॅटूच्या मधून गेला तर तिथं रेघ तुटते. जिमवाले पोरं विचारतात बायसेप वाढल्यावर टॅटू ताणेल का, हळूहळू वाढणाऱ्या स्नायूनं फार फरक पडत नाही, काखेजवळ जिथं स्ट्रेच मार्क येतात तेवढी जागा टाळा.

बोटं, तळहाताची कड, तळपाय, इथं म्हातारपणाची वाटच बघावी लागत नाही, वर्षादोनवर्षांत रेघ उडते नाहीतर पसरते. बोटावर अंगठीसारखा टॅटू काढायला जोडपी येतात, मी स्पष्ट सांगते की हा परत परत भरावा लागेल, चालत असेल तर काढते.

आणि आपल्याकडची एक गोष्ट, गाडी. टूव्हीलरवर रोज तासभर उन्हात जाणाऱ्या माणसाच्या हाताची वरची बाजू, कोपरापासून बोटांपर्यंत, ही महाराष्ट्रातल्या उन्हात सगळ्यात भाजणारी जागा. तिथंच पाहिजे असेल तर घ्या, पण मग बाह्या घालायची सवय आधी लावा आणि नंतर टॅटू काढा.

अक्षरं, राजमुद्रा आणि चेहरे

इथं मी जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त पश्चात्ताप मी इथं बघितलाय, आणि त्यातला एक माझ्या हातून झालेला आहे. २०१३ मध्ये एका कॉलेजच्या मुलीच्या मनगटावर मी "धैर्य" असं लिहिलं, अक्षर जेमतेम सहा मिलीमीटर उंच, तिला नाजूक पाहिजे होतं आणि मी दिलं. २०२१ मध्ये ती परत आली. ध च्या डोक्यावर जी बारीक फट असते, शिरोरेघ जिथं तुटते, ती भरून गेलेली, आणि शब्द "घैर्य" झालेला. तिला लोक विचारायचे हे काय लिहिलंय म्हणून. मला फार वाईट वाटलं, कारण चूक कातडीची नव्हती, माझी होती. त्यावर मी पैसे न घेता मोठ्या पानांचा कव्हर-अप, म्हणजे जुना झाकणारा नवा टॅटू, करून दिला.

तेव्हापासून देवनागरीसाठी माझे नियम पक्के आहेत. ध आणि घ, भ आणि म, ह्यांच्यात फरक असतो तो फक्त त्या छोट्या फटीचा आणि गाठीचा, ती बुजली की अक्षरच बदलतं. ठ, छ, क्ष, श्री ह्यांच्या पोटातली पांढरी जागा भरते. अनुस्वाराचा ठिपका वेलांटीला जाऊन चिकटतो. म्हणून अक्षराची उंची कमीत कमी दीड सेंटीमीटर, फट मुद्दाम नेहमीपेक्षा मोठी, अनुस्वार जरा लांब, आणि शिरोरेघ अक्षराच्या रेघेपेक्षा जाड नको. एवढ्या मापात शब्द त्या जागी बसत नसेल तर शब्द छोटा करा नाहीतर जागा मोठी घ्या, माप कमी करू नका.

राजमुद्रेबद्दल तर हात जोडून सांगते. कोल्हापुरात मुलं येतात, महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा मनगटावर पाहिजे, तीन सेंटीमीटरची. "प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता" इथून "मुद्रा भद्राय राजते" पर्यंत सगळा मजकूर, सगळी जोडाक्षरं, एवढ्याशा जागेत. काढल्या दिवशी फोटो झकास येतो. दहा वर्षांनी तिथं एक काळा अष्टकोन राहतो, आत काय लिहिलंय ते ज्यानं काढून घेतलं त्यालाच माहीत. मुद्रा काढायची तर दंडावर किंवा पाठीवर, निदान पसरलेल्या पंजाएवढी, आणि प्रत्येक अक्षर मोकळं. तेवढी जागा द्यायची नसेल तर दुसरं चिन्ह घ्या. आपण ज्याला मानतो ते वाचता येईना असं होऊ देऊ नये असं माझं मनापासून मत आहे.

चेहऱ्यांचंपण तेच. गेलेल्या वडिलांचा, बाळाचा चेहरा, तळहातापेक्षा लहान मी काढत नाही. डोळ्यातला पांढरा ठिपका, ओठांमधली सावली, चेहरा ओळखू येतो तो ह्याच्यामुळं आणि आधी जातंही हेच. वडिलांची आठवण पाहिजे असेल तर त्यांच्या हस्ताक्षरातला एखादा शब्द, मोठा करून, हे जास्त वर्षं टिकतं आणि खरं सांगू का, बघताना जास्त जवळचं वाटतं.

रंगाचं थोडक्यात, काळा सगळ्यात टिकाऊ. आपली कातडी सावळी, आणि शाई त्या कातडीच्या खाली असते, म्हणजे रंग कायम चहाच्या रंगाच्या काचेतून बघितल्यासारखा दिसतो. पिवळा, पांढरा, फिके गुलाबी जांभळे रंग आपल्या अंगावर मुळातच कमी उठतात आणि लवकर जातात. लाल आणि गडद निळा बरे. रंग हवा असेल तर आकार काळ्या रेघेनं बांधून घ्या, रंग उडाला तरी आकार राहील.

इन्स्टावर जे केसासारख्या रेघांचे टॅटू दिसतात ना, ते फोटो त्याच दिवशी काढलेले असतात, ताजी शाई, घट्ट कातडी, वरून लाइट. आर्टिस्टला विचारा की हील झालेला, म्हणजे जखम भरल्यावरचा फोटो दाखवा, आणि पाच वर्षांपूर्वी काढलेल्या टॅटूचा आजचा फोटो आहे का. जो मनापासून काम करतो त्याच्याकडं असतो, जुनी गिऱ्हाईकं पाठवत असतात. नाहीच म्हणाला तर घाई करू नका. एकाच सुईची बारीक रेघ वाईट नसते, मी पण काढते, पण दोन रेघांच्या मध्ये रेघेच्या तिप्पट तरी जागा सोडून.

घरच्या घरी करायची एक परीक्षा आहे. डिझाइन खऱ्या मापात प्रिंट करा, भिंतीला लावा, सहा फूट लांब उभं राहा आणि डोळे किलकिले करा. किंवा फोनमधल्या फोटो एडिटरमध्ये थोडं ब्लर करा. जे ओळखू येतंय ते तुमच्या साठीत असेल, जे गेलं ते जाईल. तुळस दिसली आणि जाळी गेली तर जाळी काढून टाका, आजीचा हात आठवा.

काळजी नक्की कशाची आहे ते एकदा तपासा

पुष्कळ वेळा म्हातारपणाचं नाव पुढं केलेलं असतं आणि आत दुसरंच असतं. म्हणजे बोलता बोलता कळतं की सासरी काय म्हणतील ही भीती आहे, किंवा नोकरीची, किंवा ज्याचं नाव लिहायचंय त्याच्याबद्दलच मन पक्कं नाही. ह्यातलं प्रत्येक कारण मला मान्य आहे, पण मग उत्तरही त्याचंच शोधा. आर्मी भरतीला जायचं असेल तर कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला एवढाच चालतो, आदिवासी जमातींना त्यांच्या प्रथेप्रमाणं सवलत आहे, बाकी भरतीची जाहिरात वाचूनच माझ्याकडं या. रक्तदान नेहमी करत असाल तर टॅटूनंतर वर्षभर करता येत नाही. नावाबद्दल मन डळमळत असेल तर नाव काढू नका.

मन पक्कं आहे का हे बघायला प्रिंट कपाटाच्या आरशाला चिकटवून ठेवा, रोज केस विंचरताना दिसेल असं. एक पावसाळा, एक दिवाळी, एक उन्हाळा जाऊ दे. वर्षानं तेच डिझाइन, तीच जागा हवी वाटली तर या. मेंदीनं त्या जागेवर काढून घेतलं तरी चालेल, फक्त साधी मेंदी, जत्रेत मिळते ती काळी मेंदी नको, तिच्यात बऱ्याचदा केसांच्या डायमधलं पीपीडी असतं आणि त्यानं फोड येऊन कायमचे वण राहतात. आणि जत्रेतलं मशीनपण नको, एकच सुई आणि एकच शाईची वाटी दहा जणांना, कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचा धोका तिथं खरा आहे. अठराच्या आतल्या मुलांचे टॅटू मी काढतच नाही, आईवडील बरोबर आले तरी.

पन्नाशी साठीत पहिलाच टॅटू काढायचा असेल तर

ह्याच्याबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी एक काकू आल्या, ६१ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, प्राजक्ताची फांदी पाहिजे होती. मुलगा म्हणत होता ह्या वयात कशाला. काकूंचं म्हणणं सरळ होतं, "अगं वीसाव्या वर्षी काढणारीला साठ वर्षं टिकवायचाय, मला पंचवीस टिकला तरी बास." आणि हिशोबानं ते बरोबरच आहे, उतारवयात काढलेल्या टॅटूला पसरायला वेळच कमी मिळतो, आणि कातडी कशी झालीय ते समोर दिसत असतं, अंदाज बांधावा लागत नाही.

पण काम वेगळं असतं. ह्या वयात कातडी पातळ होते, खालची चरबी कमी होते, आणि वीस वर्षांच्या हातावर जेवढा जोर देतो तेवढा दिला तर शाई खाली पसरते आणि रेघेभोवती निळी सावली येते, आम्ही त्याला ब्लो-आउट म्हणतो. म्हणून सुई कमी खोल, हात हलका, आणि कातडी ताणून धरायला दुसरं माणूस. काकूंना मी दोन बैठकांत काढलं, प्रत्येकी पाऊण तास. पाकळ्या मोठ्या, आत भरणा नाही, नुसती बाहेरची रेघ, आणि केशरी देठ. जागा दंडाची बाहेरची बाजू, त्यांनी आधी मनगटाच्या वर म्हटलेलं पण तिथं त्यांना नुसतं आपटलं तरी काळंनिळं व्हायचं, म्हणून वर घेतलं.

त्यांना शुगर होती, म्हणून आधी डॉक्टरांकडून एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर, बघून लेखी आणायला लावलं, शुगर ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि पिकण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर टॅटूसाठी स्वतःच्या मनानं बंद अजिबात करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर नको. तरुण हात दोन तीन आठवड्यांत वरवर बरा होतो, काकूंना पाच लागले, त्यात घाबरायचं काही नव्हतं. खपली काढायची नाही, एवढं एकच पाळायला त्यांना अवघड गेलं.

कोणत्याही वयात, जखमेच्या जागी गाठ उठणारी कातडी असेल म्हणजे केलॉइड, किंवा सोरायसिस, कोड असेल तर आधी स्किनच्या डॉक्टरला भेटा. सोरायसिस आणि कोड सुई लागलेल्या जागी नवीन उठू शकतात.

म्हातारपणीचे दवाखाने

एमआरआय करता येणार नाही ही भीती फार पसरलीय. २०१९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात टॅटू असलेल्या ३३० जणांना मशीनमध्ये घातलं, सगळ्यांचे मिळून ९३२ टॅटू, आणि टॅटूमुळं त्रास झाला तो एकाला, तोही किरकोळ. स्कॅनच्या आधी टॅटू आहे एवढं सांगा आणि आत गरम वाटलं तर बटण दाबा. दुसरं, तिळावर किंवा मशावर टॅटू काढू नका, पुढं त्याचा रंग आकार बदलला तर कळायला हवं, मी तिळाच्या भोवती जागा सोडूनच काढते. तिसरं, शाईचे कण काखेतल्या लिम्फच्या गाठीत जाऊन बसतात, हाताला मोठा टॅटू असेल तर मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांना सांगा, म्हणजे गाठ गडद दिसली तर त्यांना कारण माहीत असेल.

लेझरनं टॅटू पुसता येतो, पण "नंतर बघू, लेझर आहेच" म्हणून टॅटू काढू नका. सहा ते दहा बैठका लागू शकतात, दोन बैठकांमध्ये सहा आठ आठवड्यांचं अंतर, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहायची शक्यता गोऱ्या कातडीपेक्षा जास्त. काळी शाई सगळ्यात चांगली निघते, हिरवी आणि पिवळी त्रास देतात. जुनं हातानं केलेलं गोंदण मशीनच्या टॅटूपेक्षा बऱ्याचदा लवकर निघतं, कारण शाई कमी असते. कव्हर-अप हा दुसरा रस्ता, पण तो जुन्यापेक्षा मोठा आणि गडदच होतो, म्हणून पहिला टॅटू काढतानाच शेजारी थोडी जागा मोकळी ठेवा.

काढून झाल्यावर पुढची तीस वर्षं

पहिले दोन तीन आठवडे ऊन, पोहणं, नदीत आंघोळ बंद. बरा झाला की रोज बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, टॅटूवर जाडसर. परवडत नसेल तर सुती बाही, ती सनस्क्रीनपेक्षाही चांगली. रात्री साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेलाचा हात, कोरड्या कातडीवर टॅटू राखाडी दिसतो आणि लोकांना वाटतं उडाला. टच-अप, म्हणजे रेघा परत भरणं, आठ दहा वर्षांनी, तोही गरज असेल तर, आणि फक्त बाहेरच्या रेघा. दर दोन वर्षांनी भरत बसाल तर त्याच जागेवर वण तयार होतो आणि रेघ अजून जाड होते.

माझ्या स्वतःच्या डाव्या हातावर आजीचं वृंदावन आहे, २०१६ मध्ये घेतलेलं. आजी तेव्हा होती, तिच्या हातावर ट्रेसिंग पेपर ठेवून बाहेरची रेघ उतरवून घेतली, ती सारखी विचारत होती गुदगुल्या कशाला करतीस. माप तिच्यापेक्षा दीडपट केलं, आतली जाळी सोडून दिली, पाच ठिपके घेतले पण एकमेकांपासून बोटभर लांब. गाडीवर जाताना बाही घालते. ह्या दिवाळीत पट्टी लावून रेघ मोजली, काढली तेव्हा सव्वा मिलीमीटर होती, आता पावणेदोन आहे, आणि पाचही ठिपके सुटे आहेत.